डॉकिंग हब असलेला मोठा मॉनिटर: खरेदीपूर्वी काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लॅपटॉपला एकच केबल जोडायची आणि तिच्यातूनच मोठ्या स्क्रीनवर चित्र, लॅपटॉपला वीज, कीबोर्ड-माउसची जोडणी आणि नेटवर्क हे सगळे मिळवायचे, अशी सोय ज्या मॉनिटरमध्ये असते त्याला डॉकिंग मॉनिटर किंवा हब मॉनिटर म्हणतात. समोरून पाहिल्यास तो इतर मॉनिटरसारखाच दिसतो. फरक असतो तो पाठीमागच्या पोर्टमध्ये आणि आतल्या सर्किटमध्ये. नवखा ग्राहक बहुधा आधी आकार, मग रिझोल्यूशन, मग रंग असा विचार करतो आणि पोर्टकडे अगदी शेवटी वळतो. या प्रकारच्या मॉनिटरसाठी हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या मॉनिटरला लॅपटॉपकडून केवळ चित्र हवे असते आणि ते जवळजवळ कोणताही लॅपटॉप देतो. डॉकिंग मॉनिटरसाठी जी जादा किंमत मोजायची, तिचा मोबदला पदरात पडणार की नाही हे मात्र मॉनिटरइतकेच लॅपटॉपच्या पोर्टवर अवलंबून असते.

पायरी १: लॅपटॉपचे पोर्ट ओळखा

यूएसबी-सी पोर्ट २०१४ मध्ये आले आणि आज जवळजवळ प्रत्येक नव्या लॅपटॉपवर दिसते. परंतु दोन लॅपटॉपवरची हुबेहूब सारखी दिसणारी पोर्टे पूर्णपणे वेगळी कामे करत असू शकतात. एखाद्या स्वस्त लॅपटॉपवरच्या यूएसबी-सी पोर्टमधून फक्त डेटा जातो. दुसऱ्यावर डेटा आणि चार्जिंग चालते, पण चित्र बाहेर पडत नाही. तिसऱ्यावर तिन्ही गोष्टी होतात. म्हणून आपल्या लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलचे तपशीलपत्रक उघडून तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: या पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट सिग्नल, म्हणजे मॉनिटरसाठीचे चित्र, बाहेर जातो का, याच पोर्टमधून लॅपटॉप चार्ज होतो का आणि डेटाचा कमाल वेग किती आहे. तपशीलपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’ (चित्रासाठी), ‘पॉवर डिलिव्हरी’ (चार्जिंगसाठी), ‘यूएसबी४’ किंवा ‘थंडरबोल्ट’ (अधिक वेगवान जोडणीचे प्रकार) असे शब्द आढळले तर ते चांगले लक्षण समजावे. पोर्टशेजारी विजेचे चिन्ह असेल तर ते बहुधा थंडरबोल्ट असते आणि डी व पी या अक्षरांचे जुळलेले चिन्ह असेल तर चित्र बाहेर जाते. चिन्ह नसले म्हणून सोय नाही असे मात्र नाही. अनेक उत्पादक ही चिन्हे छापतच नाहीत.

लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून चित्र येत नसेल तर मॉनिटर एचडीएमआयने जोडावा लागेल. एचडीएमआय केबल यूएसबीचा डेटाही नेत नाही आणि लॅपटॉपला वीजही देत नाही. अशा वेळी हब, म्हणजे मॉनिटरमधली यूएसबी आणि नेटवर्कची पोर्टे, वापरण्यासाठी मॉनिटरकडून लॅपटॉपकडे एक वेगळी यूएसबी केबल टाकावी लागते आणि चार्जर तिसरा राहतो. म्हणजे तीन केबली आल्या आणि डॉकिंगचा मूळ हेतूच उरला नाही. या परिस्थितीत साधा मॉनिटर घेऊन वाचलेला पैसा पॅनेलच्या दर्जावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

ॲपलचा लॅपटॉप असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. एम१ आणि एम२ या मूळ चिपचे मॅकबुक एअर स्वतःहून एकच बाह्य मॉनिटर चालवू शकते. एम३ चिपचे एअर झाकण बंद ठेवल्यास दोन चालवते. शिवाय एका मॉनिटरमागे दुसरा जोडून साखळी करण्याची डिस्प्लेपोर्टची जी एमएसटी पद्धत विंडोजवर चालते, ती मॅकओएसवर दोन स्वतंत्र स्क्रीन देत नाही. तिथे दोन्हींवर एकच चित्र उमटते. पुढे दुसरा मॉनिटर जोडण्याचा विचार असलेल्या मॅक वापरकर्त्याने थंडरबोल्टची साखळी असलेलाच मॉनिटर पाहावा.

पायरी २: एका केबलमध्ये चित्र आणि डेटा यांची वाटणी कशी होते, हे समजून घ्या

ही पायरी जाहिरातीत सहसा दिसत नाही, पण खरेदीनंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते, म्हणून इथे थोडे सावकाश जाऊ.

यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान सिग्नलसाठी चार मार्गिका असतात. थंडरबोल्ट नसलेल्या साध्या यूएसबी-सी जोडणीत या चार मार्गिका चित्र आणि डेटा यांच्यात वाटाव्या लागतात आणि वाटणीचे दोनच प्रकार शक्य असतात. पहिल्या प्रकारात चारही मार्गिका चित्राला मिळतात; मग डेटासाठी केबलमधल्या यूएसबी २.० च्या जुन्या तारा तेवढ्या उरतात आणि त्यांचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट इतकाच असतो. दुसऱ्या प्रकारात दोन मार्गिका चित्राला आणि दोन डेटाला मिळतात. तेव्हा हबला ५ किंवा १० गिगाबिटचा वेग मिळतो, पण चित्राचा वाटा निम्मा होतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेलचे चित्र, सेकंदाला ६० वेळा आणि प्रत्येक पिक्सेलला २४ बिट या हिशेबाने पाठवायचे तर सुमारे १२.५ गिगाबिट प्रतिसेकंद इतकी क्षमता लागते. लॅपटॉपचे पोर्ट डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाचे असेल तर दोन मार्गिकांची उपयुक्त क्षमता ८.६४ गिगाबिट भरते, आणि त्यामुळे हब पूर्ण वेगाने चालवताना ४के चित्र ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळांवर, उतरते. ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकताना दिसतो आणि मजकूर वरखाली करताना डोळ्यांना त्रास होतो. दिवसभराच्या कामासाठी हे चालण्यासारखे नाही. पोर्ट डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाचे असेल तर दोन मार्गिकांत १२.९६ गिगाबिट मावतात, म्हणजे ४के चित्र ६० हर्ट्झवर जेमतेम बसते आणि हबही वेगाने चालतो. याहून पुढे, म्हणजे १२० हर्ट्झचे ४के किंवा ५१२० गुणिले २१६० पिक्सेलची रुंद स्क्रीन हवी असेल तर डीएससी नावाचे चित्रसंपीडन लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये आणि मॉनिटरमध्ये अशा दोन्ही ठिकाणी असावे लागते. नाहीतर चारही मार्गिका चित्राला द्याव्या लागतात.

अनेक मॉनिटरांच्या मेनूमध्ये या वाटणीसाठी एक पर्याय दिलेला असतो. कुठे त्याला ‘यूएसबी-सी प्राधान्य’ म्हणतात, तर कुठे ‘हाय रिझोल्यूशन’ आणि ‘हाय डेटा स्पीड’ असे दोन पर्याय दिसतात. कारखान्यातून मॉनिटर कोणत्या पर्यायावर येईल याचा नेम नसतो. मॉनिटर चारही मार्गिका चित्राला देत असेल तर हबमधले एक गिगाबिटचे लॅन पोर्टसुद्धा ४८० मेगाबिटच्या तारेवरून चालते आणि त्याच तारेवर वेबकॅम, पेन ड्राइव्ह आणि कीबोर्डही असतात. मग नेटवर्क मंदावते आणि दोष मात्र राउटरवर जातो.

थंडरबोल्ट ३, थंडरबोल्ट ४ आणि पूर्ण वेगाचे यूएसबी४ यांमध्ये ही अडचण बहुतांशी नाहीशी होते. त्यांत ४० गिगाबिटची क्षमता असते आणि चित्र व डेटा दोन्ही त्याच प्रवाहातून गरजेप्रमाणे वाहतात. ४के ६० हर्ट्झने साडेबारा गिगाबिट घेतले तरी हबसाठी भरपूर जागा उरते. थंडरबोल्ट ५ मध्ये क्षमता ८० गिगाबिटपर्यंत गेली आहे, पण एका ४के मॉनिटरसाठी तिची गरज नाही. तेव्हा माझा सल्ला असा: लॅपटॉपवर थंडरबोल्ट असेल, हबवर बाह्य एसएसडी लावून मोठ्या फाइली हलवायच्या असतील किंवा ४के ६० हर्ट्झच्या पुढची स्क्रीन हवी असेल, तर थंडरबोल्ट मॉनिटरसाठी जादा पैसे खुशाल मोजावेत. हबवर फक्त कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि लॅन लागणार असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ असलेला साधा यूएसबी-सी मॉनिटर पुरतो.

पायरी ३: वॉटचा हिशेब करा

लॅपटॉपसोबत आलेल्या चार्जरवर किती वॉट लिहिले आहे ते पाहा आणि मॉनिटर यूएसबी-सीमधून किती वॉट देतो त्याच्याशी ताडून घ्या. हलक्या लॅपटॉपला साधारणपणे ४५ ते ६५ वॉट पुरतात. सोळा इंची ताकदवान लॅपटॉपचा चार्जर ९६ ते १४० वॉटचा असू शकतो. मॉनिटरमध्ये ६५, ९० आणि ९६ वॉट हे आकडे वारंवार आढळतात आणि काही नव्या मॉडेलांत १४० वॉटही मिळतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरीची जुनी मर्यादा २० व्होल्ट आणि ५ ॲम्पिअर, म्हणजे १०० वॉट होती. २०२१ मधल्या सुधारणेने ती २४० वॉटपर्यंत गेली.

मॉनिटरचे वॉट थोडे कमी असले तरी लॅपटॉप चालतो, फक्त चार्जिंग हळू होते. परंतु तफावत मोठी असेल, तर व्हिडिओ संपादनासारख्या जड कामात चार्जिंगला जोडलेला असूनही लॅपटॉपची बॅटरी हळूहळू उतरत जाते किंवा लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. गेमिंगच्या लॅपटॉपना दोनशे वॉट आणि त्याहून अधिक वीज लागते व त्यांचा मूळ चार्जर बहुधा यूएसबी-सीचा नसतो. त्यांना मॉनिटरकडून पूर्ण वीज मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नये.

पायरी ४: आकार आणि रिझोल्यूशन एकत्र ठरवा

मोठ्या मॉनिटरमध्ये इंच हा कर्णाचा आकडा असल्यामुळे तो फसवा ठरतो. १६:९ प्रमाणाची ३२ इंची स्क्रीन सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असते. ३४ इंची रुंद स्क्रीन नावाने मोठी वाटते, पण ती सुमारे ८० सेंटिमीटर रुंद आणि अवघी ३३ सेंटिमीटर उंच, म्हणजे उंचीने २७ इंची मॉनिटरएवढीच असते. ३२ इंची स्क्रीनची उंची आणि वर जादा रुंदी हवी असल्यास ४० इंची रुंद स्क्रीन पाहावी; तिची रुंदी मात्र ९४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. लांबलचक दस्तऐवज वाचणाऱ्याला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला उंची अधिक उपयोगी पडते; तीन-चार खिडक्या शेजारीशेजारी ठेवणाऱ्याला आणि मोठ्या स्प्रेडशीटवर काम करणाऱ्याला रुंदी.

अक्षरे किती रेखीव दिसतील हे दर इंचातल्या पिक्सेलांवर ठरते. ४के रिझोल्यूशन २७ इंचांवर १६३, ३२ इंचांवर १३८ आणि ४३ इंचांवर १०२ पिक्सेल देते. २५६० गुणिले १४४० हे रिझोल्यूशन २७ इंचांवर १०९ पिक्सेल देते आणि ते ठीक दिसते. तेच ३२ इंचांवर ९२ वर येते आणि अक्षरांच्या कडा जाणवू लागतात. देवनागरी मजकुरात हे लवकर लक्षात येते, कारण जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या बारीक रेषांच्या असतात. ‘ष्ट्र’ किंवा ‘र्त्य’ असा अक्षरसमूह छोट्या आकारात ९२ आणि १३८ पिक्सेलांच्या स्क्रीनवर शेजारीशेजारी पाहिल्यास फरक सांगावा लागत नाही. दिवसभर मराठी वाचन-लेखन करणाऱ्याने मोठा मॉनिटर घेताना ३२ इंची ४के हा पाया धरावा, असे मी म्हणेन.

विंडोजवर ३२ इंची ४के स्क्रीन सहसा १२५ किंवा १५० टक्के स्केलिंगवर, म्हणजे अक्षरे आणि चिन्हे तेवढी मोठी करून, वापरतात आणि तिथे ती चांगली दिसते. मॅकओएस १०० आणि २०० टक्क्यांच्या दरम्यानच्या आकारांसाठी चित्र आधी मोठे करून मग लहान करते, त्यामुळे किंचित मऊपणा येतो. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून मॅकवर सबपिक्सेल अक्षररेखन, म्हणजे पिक्सेलचे लाल, हिरवे आणि निळे भाग वेगवेगळे वापरून अक्षरे रेखीव करण्याची पद्धत, हीही नाही. अगदी तीक्ष्ण अक्षरांचा आग्रह असलेल्या मॅक वापरकर्त्याने २७ इंची ५के, म्हणजे २१८ पिक्सेलांचा पर्याय पाहावा.

टेबलाची खोली मोजायला विसरू नये. ३२ इंची स्क्रीनपासून डोळे ७० ते ८० सेंटिमीटर दूर असावेत आणि जाड स्टँड त्यातली बरीच जागा खातो. टेबल अरुंद असेल तर मागे व्हेसा छिद्रे (स्क्रूने बसवण्याची ठरावीक मापाची छिद्रे) असलेला मॉनिटर घेऊन तो आर्मवर, म्हणजे टेबलाला किंवा भिंतीला लावायच्या हलत्या दांड्यावर, बसवावा. आर्मची वजन पेलण्याची क्षमता मात्र मॉनिटरच्या स्टँडशिवायच्या वजनाशी ताडावी.

पायरी ५: पॅनेल

इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. आयपीएस, व्हीए आणि ओएलईडी हे पॅनेलचे मुख्य प्रकार; कार्यालयीन कामासाठी आयपीएस पॅनेल घ्यावे. नेहमीच्या आयपीएसमध्ये काळा रंग करडट दिसतो, कारण त्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातला फरक, सुमारे १०००:१ असते. ‘आयपीएस ब्लॅक’ प्रकारात ते २०००:१ किंवा त्याहून अधिक असते आणि फरक डोळ्यांना दिसतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग आणखी गडद असतो, पण बाजूने पाहताना रंग फिके पडतात आणि मोठ्या स्क्रीनचे कोपरे आपण नेहमी थोडे बाजूनेच पाहत असतो. ओएलईडीचे चित्र अप्रतिम असते. मात्र टास्कबारसारखी स्थिर दृश्ये रोज तासन्‌तास दाखवल्यास त्यांचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका राहतो. खोक्यावर एचडीआर ४०० (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवण्याच्या क्षमतेची एक पातळी) लिहिलेले असेल तर त्याला महत्त्व देऊ नये, कारण त्या पातळीसाठी स्क्रीनचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करण्याची अटच नाही.

पायरी ६: हबची पोर्टे मोजा आणि त्यांच्या जागा पाहा

आज टेबलावर काय काय जोडलेले असते त्याची यादी करून त्यात दोन पोर्टे अधिक धरावीत. संख्येइतकीच जागाही महत्त्वाची असते. पेन ड्राइव्ह लावण्यासाठी दर वेळी मॉनिटरच्या पाठीमागे खाली तोंड केलेली पोर्टे चाचपडावी लागणार असतील, तर ती वापरली जात नाहीत. निदान दोन पोर्टे कडेला किंवा खालच्या पट्टीत समोर असलेले मॉडेल निवडावे.

घरचा आणि कार्यालयाचा असे दोन संगणक एकाच टेबलावर असतील तर केव्हीएम ही सोय शोधावी. तिच्यामुळे हबला जोडलेला एकच कीबोर्ड-माउस दोन्ही संगणकांवर आळीपाळीने चालतो. पहिला संगणक यूएसबी-सीने जोडला जातो, तर दुसऱ्यासाठी चित्राची वेगळी केबल आणि यूएसबीची वेगळी अपस्ट्रीम केबल, म्हणजे हबकडून संगणकाकडे जाणारी केबल, लागते. मॉनिटरला ते दुसरे अपस्ट्रीम पोर्ट आहे याची खात्री करावी. ते नसेल तर केव्हीएम चालणार नाही. चित्राचा इनपुट बदलताच कीबोर्डही आपोआप बदलतो की त्यासाठी मेनूत शिरावे लागते, हेही विचारून घ्यावे, कारण दिवसातून दहा वेळा मेनूत शिरणे कोणालाच जमत नाही.

कार्यालयाच्या नेटवर्कवर ठरावीक यंत्रांनाच प्रवेश असेल तर हबचे लॅन पोर्ट लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक; ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) पुढे पाठवू शकते का, हे संगणक विभागाला आधीच विचारावे. मॉनिटरमधल्या स्पीकरबद्दल एवढेच सांगता येईल की ते बैठकीतले बोलणे ऐकण्यापुरते असतात.

पायरी ७: केबल

मॉनिटरच्या खोक्यातली केबलच वापरावी आणि ती जपून ठेवावी. मोबाइलच्या चार्जिंगची यूएसबी-सी केबल दोन्ही टोकांना बसते, पण तिच्यात बहुतेक वेळा वेगवान मार्गिकांच्या तारा नसतातच, त्यामुळे लॅपटॉप चार्ज होतो आणि स्क्रीन काळी राहते. ६० वॉटच्या वर वीज नेण्यासाठी केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असावी लागते. ती नसलेल्या केबलमधून ९० वॉटचा मॉनिटरही ६० वॉटच देतो. लांब केबल हवी असेल तर तिच्यावर छापलेला वेग आणि वॉट दोन्ही पाहून घ्यावेत, कारण साध्या तारेची लांबी वाढली की तिच्यातून मिळणारा वेग कमी होतो.

पायरी ८: वेगळा डॉक बरा का, हे एकदा तपासा

लॅपटॉप दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, चांगला मॉनिटर आठ-दहा वर्षे टिकतो आणि पोर्टांची पिढी त्या काळात निदान एकदा तरी बदलते. मॉनिटरमधला हब जुना झाला तर तो काढून नवा बसवता येत नाही; वेगळा डॉक, म्हणजे हीच पोर्टे असलेली सुटी पेटी, मात्र बदलता येतो. म्हणून दोन मॉनिटर वापरणाऱ्याने, वारंवार लॅपटॉप बदलणाऱ्याने आणि शंभराहून अधिक वॉटची गरज असणाऱ्याने चांगला साधा मॉनिटर आणि स्वतंत्र डॉक असा हिशेब मांडून पाहावा. एकच लॅपटॉप, एकच मोठी स्क्रीन आणि मोकळे टेबल एवढीच अपेक्षा असेल तर अंगभूत हबच सोयीचा.

पायरी ९: परत करण्याची मुदत संपण्याआधी कसून तपासा

मॉनिटर बसवल्यावर पहिल्याच दिवशी विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, वाचावा. ३० हर्ट्झ दिसत असेल तर मॉनिटरच्या मेनूतला यूएसबी-सी प्राधान्याचा पर्याय बदलून पुन्हा पाहावे. मॅकवर सिस्टम इन्फर्मेशनमधल्या पॉवर विभागात चार्जर किती वॉट देतो आहे ते लिहिलेले असते. त्यानंतर हबला बाह्य एसएसडी लावून एक मोठी फाइल उतरवावी. वेग सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइटवर अडकला तर हब यूएसबी २.० वर चालतो आहे असे खुशाल समजावे. ५ गिगाबिटच्या जोडणीवर तो चारशे मेगाबाइटच्या आसपास असायला हवा.

शेवटची चाचणी झोपेची. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून तासाभराने उठवावा आणि चित्र, कीबोर्ड व नेटवर्क तिन्ही आपोआप परत येतात का ते पाहावे. मॉनिटरचे बटण बंद केल्यावर लॅपटॉपचे चार्जिंग चालू राहते की थांबते, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण अनेक मॉडेलांत त्यासाठी मेनूमध्ये वेगळा पर्याय असतो. काही अडल्यास आधी केबल बदलून पाहावी, मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मॉनिटरचे फर्मवेअर (त्याच्या आतली प्रणाली) आणि लॅपटॉपचे ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावेत, आणि तरीही स्क्रीन रोज सकाळी काळीच राहत असेल तर मुदतीच्या आत मॉनिटर परत करावा.